नाला होता तोवर आमचा होता

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही सातजण अंधेरीहून लोकल पकडून फोर्टातल्या एका कलादालनात गेलो. सातजण म्हणजे आमच्या बुद्धविहारातल्या अभ्यासवर्गाची मंडळी आणि सोबत आत्या. आत्या आमच्यातल्या एकाची सख्खी आत्या आहे, पण मरोळ आणि साकीनाक्याच्या मधल्या आमच्या वस्तीत लहानमोठे सगळेच तिला आत्या म्हणतात. कला महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या एका पोराने खबर आणली होती की मिठी नदीवर एक प्रदर्शन भरले आहे आणि त्यात आपल्या गल्लीचा फोटो लागला आहे.

दारातल्या रखवालदाराने विचारले, "काय काम आहे?" तोही आमच्यासारखाच कुठल्यातरी वस्तीतून येणारा माणूस, त्याच्यावर राग नाही. पण आमच्या पुढे आत गेलेल्या चौघांना त्याने हा प्रश्न विचारला नव्हता, हे आम्ही पाहिले. आम्ही सांगितले, फोटो बघायचा आहे. त्याने आत सोडले.

फोटो मोठा होता, माणसाच्या उंचीचा. आत्याच्या घराची आतली भिंत. भिंतीवर छातीच्या वर गेलेली तपकिरी रेघ, रेघेच्या खाली फुगलेला गिलावा आणि वर निळा रंग. २६ जुलै २००५ च्या पुराची ती रेघ. आत्याने घराला तीनदा रंग काढला, पण ती भिंत तशीच ठेवली. फोटोखाली इंग्रजीत चार ओळी होत्या. पोराने त्या मराठीत वाचून दाखवल्या. पाण्याची स्मृती, नदीचे शरीर, शहराचे विस्मरण असे काहीसे होते. आत्याचे नाव नव्हते, वस्तीचे नाव नव्हते.

आत्या बराच वेळ बघत राहिली. मग तिथल्या मुलीला तिने विचारले, "बाई, माझी भिंत केवढ्याला?"

मुलगी हसली नाही, गोंधळली. किंमत विचारणाऱ्यांना ती नंतर कळवतात, असे तिने सांगितले. आम्हीही हसलो नाही. कारण त्या रेघेची किंमत आत्या गेली वीस वर्षे मोजत आहे, हे आम्हाला ठाऊक होते.

त्या दिवशी घरी परतताना गाडीत जो वाद सुरू झाला तो अजून चालू आहे. कलाकारांनी नदीवर काम करावे की नाही, केले तर कोणासाठी करावे, आणि आम्ही त्याकडे कसे बघावे? हा लेख त्या वादातूनच आला आहे.

आधी नदीबद्दल बोलू. विहार तलाव भरून वाहू लागला की त्याचे पाणी खाली येते, त्यात पवई तलावाचे पाणी मिसळते आणि मिठी सुरू होते. आरे, पवई, मरोळ, साकीनाका, मग विमानतळाच्या धावपट्टीखालून कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी आणि शेवटी माहीमची खाडी. साधारण १८ किलोमीटर. वरचा निम्मा भाग डोंगराचा, खालचा भाग समुद्राचा. खाली भरती चढली की वरचे पाणी अडते. ही साधी गोष्ट कुठल्याही कोळ्याला माहीत होती. तरीही १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला, पुढे खाजणांवर भराव पडत गेला, १९७० च्या दशकानंतर वांद्रे-कुर्ला संकुल त्याच भरावावर उभे राहिले, विमानतळासाठी नदी वळवली आणि आवळली गेली. तिवरांची जागा काचेच्या इमारतींनी घेतली.

विहार तलाव १८६० मध्ये पूर्ण झाला तो बेटावरच्या मुंबई शहराला नळाचे पाणी देण्यासाठी. म्हणजे साष्टीच्या डोंगरातले चांगले पाणी नळाने दक्षिणेकडे गेले आणि ओसंडून उरलेले पाणी नदीत आले. त्यात पुढे सगळ्यांचे सांडपाणी मिसळले. पाण्याचे असे वाटप या नदीच्या जन्मातच आहे. नदीवर चित्र काढणाऱ्याने निदान एवढे तरी ध्यानात घ्यावे, असे आम्हाला वाटते.

कवींना मिठी हे नाव फार आवडते. आलिंगन वगैरे. आम्ही लहान असताना तिला मिठी कोणी म्हणतच नव्हते. आम्ही म्हणायचो नाला. पालिकेची माणसे म्हणायची नाला. शाळेत पत्ता लिहायचा तर 'नाल्याजवळ' असा लिहायचा. बसमध्ये कंडक्टरला सांगायचे, नाल्यावर उतरव. २६ जुलै २००५ ला, मंगळवारी, सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. राज्यात हजारावर माणसे मेली. पाणी कलिन्यातल्या बंगल्यांत गेले, मोटारी बुडाल्या, विमानतळ बंद पडला. आणि पुढच्याच महिन्यात नदीच्या विकासासाठी आणि संरक्षणासाठी प्राधिकरण स्थापन झाले. नाल्याची नदी झाली!

आम्ही मात्र नाल्याकाठचे रहिवासी होतो ते एका रात्रीत नदीपात्रातले अतिक्रमण झालो. नाला होता तोवर तो आमचा होता, कारण दुसऱ्या कोणाला तो नको होता. नदी झाल्यावर तिला काठ हवा, काठाला भिंत हवी, भिंतीला रस्ता हवा, आणि रस्त्याला आमची जागा हवी. विमानतळाला आणि काचेच्या इमारतींना कोणी अतिक्रमण म्हटले नाही.

आत्याची गोष्ट इथे येते. त्या मंगळवारी दुपारी पाणी वाढू लागले तेव्हा तिने पोटमाळ्यावर आधी दोन पोरे चढवली, मग सासू, मग बाबासाहेबांची तसबीर. पत्र्याची ट्रंक जड होती, ती खाली राहिली. तिच्यात रेशन कार्ड होते, विजेची जुनी बिले होती, घराची पावती होती. दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडली तेव्हा आत काळा गाळ होता. आता नदीकाठच्या घरांची यादी झाली आहे. १ जानेवारी २००० आधीचे घर असेल तर मोफत पर्यायी घर, २०११ पर्यंतचे असेल तर पैसे भरून. आत्या तिथे १९८६ पासून राहते. यादीत तिच्या नावापुढे शेरा आहे, अपात्र. कारण जुने कागद नाहीत.

म्हणजे पाहा, तीच रेघ कलादालनात नदीचा दस्तऐवज ठरते आणि कचेरीत कशाचाच पुरावा ठरत नाही.

इथे आमच्यातले दोन तरुण म्हणाले, "बास झाले. हे सगळे कलाकार म्हणजे आपल्या दुःखावर पोट भरणारे. त्यांना वस्तीत पाऊल ठेवू देऊ नका." टाळ्या मिळवणारे वाक्य आहे, पण आम्हाला ते पटत नाही. त्याचे कारण एक पुस्तक.

२००९ च्या पावसाळ्यात मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात अनुराधा माथुर आणि दिलीप द कुन्हा यांचे 'सोक' नावाचे प्रदर्शन झाले होते. सोक म्हणजे भिजणे, मुरणे. आम्ही तेव्हा ते पाहिले नाही. त्या पावसाळ्यात आम्ही घरात पाणी शिरू नये म्हणून उंबऱ्याला विटा लावत होतो. पुस्तक बऱ्याच वर्षांनी हाती आले. वास्तुरचना शिकणाऱ्या आमच्या एका मुलीने महिनाभर बसून ते आम्हाला मराठीत समजावून सांगितले. त्यांचे म्हणणे असे की मुंबई ही समुद्राने वेढलेली जमीन नाही, मुंबई खाडीमुखात वसलेली आहे. इथे जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते याची पक्की रेघ नाही. ती रेघ नकाशे काढणाऱ्यांनी, मुख्यतः इंग्रजांनी, कागदावर मारली. मग त्या रेघेच्या आत येणारे पाणी आपल्याला आक्रमण वाटू लागले. भिंती उंच करण्यापेक्षा पाणी मुरायला जागा द्या, असे ते सांगत होते.

हे ऐकताना आम्हाला बाबासाहेब आठवले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते, हे आपल्याकडे जयंतीच्या भाषणातसुद्धा फार कमी वेळा येते. ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकच्या परिषदेत ओरिसाच्या पुरांबद्दल बोलताना त्यांनी जुन्या तज्ज्ञांचा पायाच खोडून काढला. जादा पाणी म्हणजे संकट आणि ते लवकरात लवकर समुद्रात ढकलून द्यायचे, हा विचार चूक आहे, माणसाचे हाल पाण्याच्या अतिरेकापेक्षा पाण्याच्या अभावाने जास्त होतात, पाणी ही संपत्ती आहे, ती साठवा आणि लोकांसाठी वापरा, अशी त्यांची मांडणी होती. त्यांचा मार्ग धरणांचा होता आणि 'सोक'चा मार्ग तो नाही, हे आम्हाला कळते. धरणांनी उठवलेल्या माणसांचा प्रश्नही आम्हाला माहीत आहे. पण पाण्याला शत्रू समजू नका, हा मुद्दा दोन्हीकडे आहे. म्हणून आम्ही म्हणतो, कलाकारांनी जे पाहिले ते भिंत बांधणाऱ्यांना दिसले नव्हते. कलेचा हा उपयोग आम्ही नाकारत नाही.

मात्र 'सोक'पुढेही आमचा एक प्रश्न उरतो. पाणी मुरायला जागा द्यायची, ती कोणाची? शहरात जागा सोडायची वेळ येते तेव्हा पहिल्यांदा कोणाचे घर उठते, हे आम्हाला कोणत्याही नकाशाशिवाय सांगता येते.

आता गाळाबद्दल. नदीवरच्या चित्रांत, फोटोंत, मांडणशिल्पांत गाळ हमखास असतो. काळा, चमकणारा, काचेच्या बरणीत भरलेला. तो गाळ उपसणारा माणूस चित्रात क्वचितच असतो. मोठ्या पात्रात पोकलेन उतरते, पण वस्तीतल्या अरुंद नाल्यात आणि चेंबरमध्ये अजून माणूस उतरतो. तो कोणत्या समाजाचा असतो हे वाचकांना सांगायची गरज नाही. गटारात उतरून मेलेल्याच्या कुटुंबाला १० लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. मे २०२५ मध्ये मिठीच्या गाळाच्या कंत्राटांत सुमारे ६५ कोटींच्या फसवणुकीचा गुन्हा मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने नोंदवला. गाळ कोणाला किती देतो आणि कोणाचा जीव घेतो, याचे चित्र कोणी काढले आहे का?

काढणारे आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, ते पाहताना आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले होते. त्या फोटोंत घाण आहे, पण फोटो घाणीचा नाही. तो माणसाचा आहे, त्याच्या घराचा आहे, त्याच्या बायकोपोरांचा आहे. विक्रोळीचे विक्रांत भिसे कष्टकरी माणूस आणि आंबेडकरी चळवळ यांनाच आपल्या चित्रांचा विषय करतात. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले पराग तांडेल आपल्या कोळी समाजाच्या वस्तू, पदार्थ, आठवणी गोळा करतात आणि खाडीबद्दल खाडीतल्या माणसाच्या तोंडून बोलतात. राज्यश्री गुडी यांच्या एका कामाचे नावच विचारते की पाणी चवदार आहे का. दलित आत्मकथनांतले अन्न आणि पाणी त्या समोर ठेवतात. २०१५ मध्ये धारावीत बिएनाले झाले, त्यात वस्तीतल्या बायका-पोरांनी कलाकारांबरोबर बसून स्वतः कामे केली आणि ती धारावीतच मांडली. तेव्हा कलाकार वाईट, असे सरसकट म्हणता येत नाही. कोण बघतो, कोण दाखवतो आणि दाखवून झाल्यावर कोणाच्या हाती काय उरते, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते.

आणखी एक शब्द आम्हाला खटकतो. शुद्धीकरण. नदीचे शुद्धीकरण, काठाचे सुशोभीकरण. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. गुरेढोरे त्या तळ्यावर पीत होती तेव्हा ते बाटत नव्हते, माणसांनी ओंजळ भरली तेव्हा ते बाटले. सवर्णांनी गोमूत्र-शेण घालून त्याचे शुद्धीकरण केले. मिठीत सबंध उपनगरांचे न गाळलेले सांडपाणी येते, गोठ्यांचे शेण येते, कारखान्यांचे आणि भंगारातली पिंपे धुणाऱ्यांचे तेल येते. उंच इमारतीचा पाइप जमिनीखालून येतो म्हणून दिसत नाही. आमच्या बायकांचे भांडी घासायचे पाणी दारासमोरून वाहते म्हणून दिसते. आणि घाण हा शब्द मात्र वस्तीला चिकटतो. एका प्रदर्शनातल्या माहितीपटात आम्ही पाहिले, नदीत प्लॅस्टिक तरंगते आणि लगेच पुढच्या चित्रात आमच्यासारखी एक वस्ती. मधे काही बोललेले नाही. बोलायची गरजच नव्हती, पाहणाऱ्याच्या मनात शतकानुशतकांची शिकवण तयार होती.

आता आमच्या अंगावर येणारी गोष्टही लिहिली पाहिजे, नाहीतर हा लेख खोटा ठरेल. आम्हीही त्या नाल्यात कचरा टाकला आहे. कचऱ्याची गाडी गल्लीत येत नव्हती हे खरे, पण गाडी यायला लागल्यावरही काही पिशव्या मागच्या खिडकीतून गेल्याच. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी थर्माकोलची ताटे कुठे गेली होती? आम्ही नदी म्हणून तिच्याकडे कधी पाहिले नाही. आणि चळवळ म्हणून आम्ही कलेकडेही नीट पाहिलेले नाही. आमच्यासाठी कला म्हणजे बॅनर, पुतळा आणि फार तर जलसा. आमच्याच वस्तीतले पोर चित्रकला शिकायला निघाले तेव्हा "त्यापेक्षा स्पर्धा परीक्षा दे" असे सांगणारे आम्हीच होतो. आपली माणसे कुंचला धरणार नाहीत, कॅमेरा धरणार नाहीत, तर आपल्या भिंतीचा फोटो दुसराच कोणीतरी काढणार.

म्हणून आम्ही त्या कलाकाराला पत्र लिहिले. त्याचे नाव इथे देत नाही, कारण भांडण त्या एकाशी नाही. माणूस वाईट नव्हता. दोन वर्षांपूर्वी तो वस्तीत आला तेव्हा आत्याकडे चहा पीत दोन तास बसला होता, तिने सगळे सांगितले, त्याने सगळे ऐकले. पत्रात आम्ही चार गोष्टी मागितल्या. फोटोखाली आत्याचे आणि वस्तीचे नाव घाला. मजकूर मराठीत द्या. फोटो विकला गेला तर घरमालकिणीचा वाटा ठरवा. आणि हे प्रदर्शन एकदा आमच्या विहारात लावा.

उत्तर यायला दीड महिना लागला, पण आले. वाट्याबद्दल तो विचार करतो आहे, असे त्याने लिहिले. बाकी तीन गोष्टी त्याने मान्य केल्या.

जूनच्या पहिल्या पावसात, एका शनिवारी संध्याकाळी, विहाराच्या सभागृहात दोऱ्या बांधून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी फोटो लावले. दारात कोणी कोणाला काम विचारले नाही. तीन तास माणसे येत होती. आणि काय झाले, तर लोकांनी प्रदर्शन दुरुस्त करायला सुरुवात केली. या फोटोत उजव्या हाताला लाकडी पूल होता, तो २००५ ला वाहून गेला. इथे पिंपळ होता. हे पाणी पावसाचे नाही, वरच्या कंपनीने सोडलेले आहे, रंग बघा. तीस वर्षे नालेसफाईच्या कंत्राटावर काम केलेले एक काका गाळाच्या फोटोसमोर उभे राहून पोरांना थर समजावत होते. वर प्लॅस्टिक आणि चिंध्या, मग तेलकट काळा, मग मुरूम. मुरूम लागला की समजायचे, नदी लागली. कलाकार वहीत लिहून घेत होता. काकांनी त्याला सांगितले, "लिहा, पण खाली माझे नाव टाका."

आत्या आपल्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसली होती. खाली मराठीत तिचे नाव होते. येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, इथपर्यंत पाणी होते आणि इथे वर बाबासाहेब होते.

त्या फोटोची एक प्रत आणि तो कधी, कुठे काढला याचे कलाकाराने सही करून दिलेले पत्र आम्ही आत्याच्या अपिलाला जोडले आहे. सोबत तेवीस शेजाऱ्यांची निवेदने. खिडकीवरच्या बाबूने फोटो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, हा पुरावा यादीत बसत नाही. आम्ही म्हणालो, बसत नसेल तर तसे लेखी द्या. त्याने पोच दिली. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.

मिठीवर, खाडीवर, दहिसर-पोईसर-ओशिवऱ्यावर काम करणाऱ्या सगळ्या कलाकारांना आमचे सांगणे आहे, जरूर या. आम्हाला नदी नीट बघायची आहे आणि तुमच्याकडे बघण्याचे शिक्षण आहे. पण आमच्याकडे कागद भिजलेले आहेत आणि भिंती उभ्या आहेत, त्या कधी पडतील सांगता येत नाही. तुम्ही टिपलेली प्रत्येक रेघ कोणाच्या घराची आहे ते लिहा. तारीख लिहा, नाव लिहा, सही करा. सुनावणीच्या दिवशी गरज लागली तर आमच्याबरोबर त्या खिडकीपुढे उभे राहा.

आणि आपल्या तरुणांना सांगणे असे की कॅमेरा उचला. या पावसाळ्यात पाणी कुठवर चढते ते आपणच टिपायचे आहे.

जय भीम.